मोंताल्चिनो म्हणजे उलटा गड: मुक्काम माथ्यावर, चढ संध्याकाळी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवार ते शुक्रवार, चार रात्री इटलीतल्या मोंताल्चिनो गावात मुक्काम. बरोबर आई-बाबा, वय 64 आणि 69, आणि 11 वर्षांची मुलगी. बाबा निफाडचे, सगळं आयुष्य द्राक्षबागेत गेलेलं. तुम्ही दोघं पावसाळा संपला की एखाददुसरा गड करणारे. तिथे गाडी चालवायची नाही. तर गावाभोवतीच्या तीन चांगल्या वाटा सांगा, आणि राजगड-तोरणा केलेल्यांना हे सोपंच जाईल ना?

जाईल. एकही वाट राजगडाच्या गुंजवणे दरवाजाच्या जवळपास जाणारी नाही. पण मी दरवर्षी आठ-दहा जणांचा गट तस्कनीत, म्हणजे मोंताल्चिनो ज्या प्रांतात आहे तिथे, पायी फिरवतो, आणि तिथे अडकलेले मी पाहिले ते बहुतेक सह्याद्रीतले सराईतच. कारण गडाची सवय. गडावर आपण सकाळी थंडीत, ताज्या पायांनी चढतो; उरलेला दिवस उताराचा. दमलो तरी खालच्या गावात गाडी उभी असते, चहा असतो. मोंताल्चिनोत हे सगळं उलटं. गाव समुद्रसपाटीपासून साधारण 565 मीटरवर, टेकडीच्या माथ्यावर. तुम्ही राहणार गडावर. सकाळी वेशीतून बाहेर पडलात की थोड्याच वेळात वाट उतरायला लागते, चाल हलकी वाटते, फोटो निघतात, लांब जाणं होतं. मग तीन-साडेतीन वाजता मान वर करून बघता तर आपली खोली डोक्यावर. तेव्हा खरा प्रश्न 'कुठली वाट' हा नाही, 'वर कसं यायचं' हा आहे. मी प्रत्येक दिवस शेवटाकडून आखतो: आधी परतीचं साधन, मग वाट.

काही गोष्टी मी इथून ठरवू शकत नाही. आई-बाबांचे गुडघे उतारावर कसे चालतात ते तुम्हालाच माहीत; चढावर धाप लागते, पण सुट्टीचं वाटोळं होतं ते उताराने. दुसरं म्हणजे पाऊस. ऑक्टोबरअखेर कोरडी, सोनेरी मिळाली तर भाग्य, नाहीतर दोन दिवस झड. पावसानंतरचा तिथला चिखल तुमच्या बाबांना ओळखीचा वाटेल: काळ्या रानात पाऊस पडल्यावर चपलेला जे लागतं, तेच राखाडी रंगात. सिएना शहराच्या दक्षिणेला जी चिकणमाती आहे ती बुटाला चिकटते, त्या थराला दुसरा थर चिकटतो, आणि शंभर पावलांत पायाला धोंडे बांधल्यासारखं होतं. ज्या दिवशी पाऊस पडला त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी शेतांमधल्या मातीच्या वाटा सोडून द्या, खडीच्या पांढऱ्या रस्त्यांनी चाला. हे पांढरे रस्ते गाड्यांचे आहेत, पण रहदारी नावालाच.

आता मुख्य वाट. मोंताल्चिनो ते सान्तान्तिमोचा मठ, साधारण 10 किलोमीटर. एकच वाट करायची असेल तर हीच करा. 'गावातून खाली मठापर्यंत' असं वर्णन ऐकून सगळे नुसता उतार समजतात, तसं नाही. गावाच्या दक्षिणेला वाट आधी चढते, सहाशे मीटरच्या वर जाते, मग विल्ला आ तोल्ली नावाच्या वस्तीतून पुढे जंगलात शिरून उतरते. मठ तीनशेच्या आसपास. शेवटचा उतार दगडगोट्यांचा आहे, घसारा नाही पण पाऊल बघून टाकावं लागतं. तुमची पावलं आणि मुलीचे थांबे धरून चार तास ठेवा. वस्तीपर्यंत गाडी पोहोचते, म्हणून आई-बाबांना गावापासून तिथपर्यंतच चालवून पुढे गाडीने मठावर नेता येतं. उतार त्यांच्या वाट्याला येतच नाही.

या जंगलातूनच गावाला नाव मिळालं असं मानतात. मोंताल्चिनो म्हणजे ओकाचा डोंगर. तिथला 'लेच्चो' हा बारमाही हिरवा, चिवट पानांचा ओक गावाच्या मुद्रेवरही आहे. द्राक्षांसाठी जगभर गाजलेल्या या गावाच्या हद्दीत जवळजवळ निम्मी जमीन अजून रान आहे, हे नकाशावर कळत नाही, चालताना कळतं. ऑक्टोबरअखेर वाटेकडेच्या झुडपांना लिचीएवढी खरबरीत लाल फळं दिसतील, ती 'कोर्बेत्झोलो'. पिकलेलं फळ मऊ, पिठूळ, जरा गोड. मुलीला एक चाखू द्या, ओंजळभर नको.

जंगल संपून मठ दिसतो तो क्षण मी वर्णन करून बिघडवत नाही. एवढंच सांगतो की आताचं देऊळ 12व्या शतकातलं आहे. त्याआधीची स्थापना परंपरेने सम्राट शार्लमेनशी जोडतात. दगड फिकट पिवळसर, काही ठिकाणी अर्धपारदर्शक, आणि ऊन तिरपं झालं की आतून दिवा लावल्यासारखा उजळतो. आत उजव्या हाताच्या खांबांपैकी एकाच्या माथ्यावर बायबलमधला, सिंहांच्या गुहेत टाकलेला दानिएल कोरलाय. सिंह इतके भुकेले आहेत की आमच्या गटातली पोरं तिथून हलत नाहीत. मठाची सद्दी 1462 साली संपली, पोप दुसरा पायस याने तो बंद केला. हा पोप समोरच्याच वाल द'ओर्चा खोऱ्यातला. स्वतःचं जन्मगाव त्याने नव्याने बांधून काढलं, तेच पिएन्झा.

आणि आता परती. मठापासून दहा-पंधरा मिनिटं चढून कास्तेल्नुओवो देल्लाबाते नावाचं छोटं गाव आहे, तिथून मोंताल्चिनोला बस मिळते. मोजक्या फेऱ्या. माझी फजिती सांगतो. सुरुवातीच्या एका वर्षी सहा जणांना घेऊन मी इथे उतरलो होतो. रविवार होता. थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो आदल्या दिवशी काढून ठेवलेला, त्यात 'फेरिआले' या शब्दाखाली दुपारची बस स्पष्ट दिसत होती. फेरिआले म्हणजे सुट्टीचा दिवस असं मी मनाशी धरलं, कानाला तसंच वाटतं. अर्थ बरोबर उलटा. फेरिआले म्हणजे कामाचे दिवस, शनिवार धरून. रविवार आणि सणवार म्हणजे 'फेस्तीवो', आणि त्या रकान्यात शुकशुकाट. थांब्यावर आम्ही पाऊण तास उभे. एक काका होते, वय 68, ते एकदाही कुरकुरले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. शेवटी ऑलिव्ह उतरवून परत निघालेल्या एका शेतकऱ्याने काका-काकूंना त्याच्या छोट्या ट्रकमध्ये पुढे बसवून वर नेलं. आम्ही उरलेले रस्त्याच्या कडेने, अंधारात, बॅटऱ्या लावून वर आलो. त्या रस्त्याला पदपथ नाही.

तिसरा शब्द 'स्कोलास्तिको': ही फेरी फक्त शाळा चालू असतील तेव्हा. हे तीन शब्द मोबाइलमध्ये लिहून ठेवा, पुस्तकातली बाकीची इटालियन राहू द्या. आणि पाच जण असताना बसवर विसंबूच नका, असं माझं स्पष्ट मत. राहण्याच्या जागेच्या मालकिणीला सोमवारीच सांगून मंगळवारची टॅक्सी ठरवा. गावात टॅक्सी मोजक्या, ऐनवेळी फोन करून मिळेल या भ्रमात राहू नका. एकदा आई-बाबांना विल्ला आ तोल्लीहून मठावर आणि मग दुपारी तीनला सगळ्यांना मठाच्या गाडीतळावरून वर, अशा दोन खेपा. तीन का? तुम्ही येण्याच्या आदल्या दिवशी, रविवारीच, युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो, आणि जंगलात त्याआधीच काळोख होतो. आपल्याकडे ऑक्टोबरात सहापर्यंत चालायची सवय असते, ती इथे नडते.

मंगळवार मी मुद्दाम धरला. सप्टेंबरच्या मध्यानंतर जानेवारीअखेरपर्यंत इटलीत शिकारीचा हंगाम असतो, आणि या भागात शिकार मुख्यतः रानडुकरांची, हाका घालून. देशाच्या कायद्याप्रमाणे मंगळवार आणि शुक्रवार हे शिकारबंदीचे दिवस. म्हणून जंगलातून जाणारी वाट मंगळवारी, मोकळ्या शिवारातली इतर दिवशी. रानडुकरांची संख्या आवरायला कधी बंदीच्या दिवशीही बंदुका निघतात, तेव्हा प्रत्येकाच्या अंगात एक भडक कपडा असू द्या. नारंगी, लाल, पिवळा, काहीही. खाकी आणि गडद हिरवा सॅकमध्ये. वाटेवर 'बात्तुता' किंवा 'काच्चा' लिहिलेली पाटी दिसली आणि कुत्र्यांचा गलका ऐकू आला तर वाद न घालता मागे फिरायचं.

दुसरी वाट बाबांसाठी, आणि ती सगळ्यात छोटी. गावाच्या कोटाला धरून एका वेशीतून बाहेर, दुसरीतून आत, मध्ये द्राक्षमळ्यांच्या कडेने जितकं वाटेल तितकं. दोन तास. उत्तरेकडे मादोन्ना देल सोकोर्सोचं देऊळ आहे, तिथल्या कठड्यावरून हवा स्वच्छ असेल तर सिएनापर्यंत दिसतं. इथे चालण्यापेक्षा थांबायला जास्त वेळ ठेवा, कारण द्राक्षबागाईतदार माणूस एका ओळीपाशी किती वेळ उभा राहू शकतो हे तुम्हाला माहीत आहेच.

त्यांना काय दिसेल? पिंपळगाव, निफाडला गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, आटोपत आलेली असेल, काड्यांवर नवे फुटवे असतील. मोंताल्चिनोत काढणी संपून वेल झोपायच्या तयारीत, पानं तांबूस. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी हा प्रकारच तिथे नाही. हिवाळ्यात एकदा छाटणी, शरदात एकदा काढणी. मांडव नाही, तारेवर कंबर ते छातीइतक्या उंचीच्या बुटक्या ओळी. जात मुख्यतः एकच, सान्जोवेजे. ब्रुनेल्लो दी मोंताल्चिनो नावाने विकायची तर वाइन शंभर टक्के त्याच द्राक्षाची हवी, आणि हेक्टरी 8 टनांपेक्षा जास्त माल घ्यायचा नाही. म्हणजे एकरी सव्वातीन टन. आमच्या एका गटात दिंडोरीचे एक बागाईतदार होते, हा आकडा ऐकून ते म्हणाले, "एवढ्यात आमचा औषधाचा खर्च निघायचा नाही." मग त्यांनी वाकून माती हातात घेतली, चपट्या, चुरा होणाऱ्या दगडाचे तुकडे बोटांत फिरवले आणि गप्प झाले. पुढचा अर्धा तास ते ओळीत पाणी कुठे जातं तेच बघत होते.

वाइन बाजारात येण्याचा हिशेबही बाबांना सांगा. काढणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या 1 जानेवारीपर्यंत ब्रुनेल्लो विकता येत नाही, त्यातली निदान दोन वर्षं लाकडी पिंपात. चार वर्षांहून जास्त माल घरात ठेवून बसणारा शेतकरी ही कल्पनाच त्यांना वाइनच्या चवीपेक्षा जास्त रमवेल. आई-बाबा पीत नाहीत म्हणून वाइनरी टाळू नका. आधी वेळ घेऊन गेलात तर तळघर, पिंपं दाखवतात, आणि कुणी पेला नाकारला तर वाईट वाटून घेत नाहीत. तुम्ही दोघं चाखणार असाल तर चाल संपल्यावर. ब्रुनेल्लोत मद्याचं प्रमाण चांगलं 14 टक्के किंवा त्याच्या वर असतं, आणि त्यानंतर तो कोटाजवळचा दगडी चढ वेगळाच भासतो.

मळ्यात शिरायचं नाही हे बाबांना सांगायला नको, पण मुलीला सांगा. कडेला गुडघ्याएवढ्या उंचीवर बारीक तार दिसेल, ती रानडुकरांसाठी, वीज खेळवलेली. काढणीनंतर वेलीवर दोन-चार छोटे घोस राहिलेले असतात, ते बघायला छान, तोडायचे नाहीत. वाटेत फाटक लागलं आणि ते लावलेलं असेल तर उघडून गेल्यावर परत लावा. उघडं असेल तर उघडंच राहू द्या.

तिसरी वाट मोंताल्चिनोची नव्हे, समोरच्या वाल द'ओर्चा खोऱ्यातली, आणि आईंसाठी हीच सगळ्यात चांगली: सान क्विरिको द'ओर्चा ते बान्यो विन्योनी. पाचेक किलोमीटर, बहुतेक पांढऱ्या रस्त्याने. मध्ये विन्योनी नावाची चार घरांची टेकडीवरची वस्ती, एक बुरूज, समोर आमियाता पर्वत, 1738 मीटर. हा रोमला जाणाऱ्या जुन्या यात्रामार्गाचा, व्हिया फ्रान्चिजेनाचा तुकडा आहे. कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक 990 च्या सुमारास रोमहून परतताना याच मार्गाने गेला आणि मुक्कामांची यादी मागे ठेवून गेला, म्हणून हा मार्ग आज आखता येतो. आपल्याला पंढरीच्या वाटेचे तळ पाठ असतात तसंच.

बान्यो विन्योनीत गावचौकाच्या जागी मोठं दगडी कुंड आहे, गरम पाण्याचं. सकाळच्या गारव्यात त्यावर वाफ उभी असते. वज्रेश्वरीची आठवण होऊन बाबा धोतर खोचतील, पण त्या कुंडात उतरायला मनाई आहे. थोडं पुढे, जुन्या पाणचक्क्यांच्या कड्यावर तेच पाणी उघड्या पाटांमधून वाहतं, तिथे पाय सोडून बसता येतं. आईंचा दिवस तिथेच सार्थकी लागेल. सान क्विरिकोला जायला मोंताल्चिनोहून बसची अदलाबदल करण्यात सकाळ जाते, म्हणून इथेही जाण्या-येण्याची टॅक्सी. या खोऱ्यात मेंढ्यांचे कळप असतात आणि त्यांच्याबरोबर मोठे पांढरे राखणदार कुत्रे. धनगराच्या कुत्र्यांशी वागतो तसंच: काठी उगारायची नाही, पळायचं नाही, मुलीचा हात धरून कळपाला लांबून वळसा घालायचा.

वाटांच्या खुणांबद्दल एक. झाडांवर, दगडांवर तांबडी-पांढरी पट्टी रंगवलेली दिसेल. त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही कुठल्यातरी अधिकृत वाटेवर आहात. ती तुमचीच वाट आहे असं नाही. फाट्यावर दोन्हीकडे तीच पट्टी असते. तेव्हा पट्टीवर न जाता पाटीवरचं गावाचं नाव वाचा आणि मोबाइलमध्ये नेट नसताना चालणारा नकाशा उतरवून ठेवा. पाणी दरडोई दीड लिटर सॅकमध्येच, मठाच्या वाटेवर भरवशाचा नळ धरून चालू नका. गंभीर काही झालं तर 112.

जेवणाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण आई विचारतील. दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच, त्यानंतर स्वयंपाकघर बंद ते संध्याकाळी साडेसातपर्यंत. चालून चारला गावात आलात तर उपाशी. म्हणून दुपारचं खाणं सॅकमध्ये: बिनमिठाचा पाव, मेंढीच्या दुधाचं पेकोरीनो, टोमॅटो, आणि घरून आणलेली चटणी. त्या पावाला चटणी शोभते, हे मी शपथेवर सांगतो. रात्री 'पिंची' मागवा. हाताने वळलेल्या जाड शेवया, फक्त कणीक आणि पाणी, अंडं नाही. वर लसूण-टोमॅटोचा 'आल्योने'. डाळी-घेवड्याच्या सुपात मात्र कधी डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, तेव्हा नाव घेऊन विचारा. नुसतं 'मांस नको' म्हटलं की हॅम त्यात धरत नाहीत.

तर हिशेब असा. सोमवारी पोहोचल्यावर फक्त किल्ला. 1361 साली सिएनाने बांधलेला, पाच कोनी. तटावर चढून खालचा सगळा मुलूख मुलीला दाखवा आणि उद्याची वाट कुठे जाते ते बोटाने सांगा. आपल्या लोकांना इथे एक गोष्ट चटकन भिडते: 1555 मध्ये सिएना पडलं, तेव्हा तिथले लोक या किल्ल्याच्या आधाराने 1559 पर्यंत आपलं प्रजासत्ताक चालवत राहिले. रायगड गेल्यावर राजाराम महाराजांनी जिंजीहून राज्य चालवलं, तसंच. मंगळवारी मठ. बुधवारी पायांना आराम, बाबा आणि मळे. गुरुवारी सान क्विरिको. पाऊस लागला तर बुधवार-गुरुवार अदलाबदल करा, पण मठ ओल्यात करू नका, शेवटचा उतार निसरडा होतो. मंगळवारीच पाऊस असेल तर जंगल सोडून टॅक्सीने थेट मठावर जा, दानिएल पावसातही बघता येतो. बरं झालं तुम्ही सोमवारी येताय. त्याआधीच्या शनिवार-रविवारी गावात चार वाड्यांच्या तिरंदाजीचा सण असतो, 'साग्रा देल तोर्दो', आणि खोली मिळणं मुश्कील होतं.

आणखी एक. गुरुवारी सॅकमध्ये जुना पंचा टाका. पाटात पाय सोडून झाल्यावर पुसायला काहीच नसतं, आणि दरवर्षी आमच्यातल्या कुणाचा तरी मफलर त्यात जातो.